मेलेल्या आयलीचं सुप्रभात

१

आयली सुटिनेन थंडीत मेली आणि बर्फ वितळेपर्यंत रोज सकाळी गावाला सुप्रभात म्हणत राहिली.

हे मला डॅरिलनं सांगितलं, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पीत. डॅरिल म्हणजे आमच्या टॅमरॅक हार्बरचा पोलीस. तळ्यावरचं बर्फ गेलं की इथं जो तो आपला लाकडी धक्का पुन्हा पाण्यात बसवून घेतो. ते काम करत फिरणारा वेंडेल आयलीकडे गेला, दार वाजवलं, कोणी उघडेना, म्हणून खिडकीतून डोकावला. मग तो गवतात जाऊन ओकला.

"पलंगाशेजारी पडलेली होती," डॅरिल म्हणाला. "डॉक्टर म्हणतात फेब्रुवारीची सुरुवात. फ्रिजमधलं दूधही तेच सांगतं. कशानं मेली ते मात्र आता कळायचं नाही म्हणाले."

"हे शक्यच नाही," मी म्हणाले. "काल सकाळीच तिनं कट्ट्यावर हुओमेन्ता केलं."

हुओमेन्ता म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांच्या भाषेत सुप्रभात. ती भाषा आता कोणाला येत नाही, हा एक शब्द तेवढा उरलाय. आणि कट्टा म्हणजे गावाचा इंटरनेटवरचा कट्टा. हरवलेली कुत्री, चर्चमधलं जेवण, बर्फ कोणी कोणाच्या दारात ढकललं यावरून भांडणं, सगळं तिथं चालतं. तो मी सांभाळते, फुकट. मी इर्मा कांगस. सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, लोकांचे दावे खरे की खोटे ते बघण्यात. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून ही नसती उठाठेव अंगावर घेतली.

आयलीनं मला लहानपणी त्याच तळ्यात पोहायला शिकवलं होतं. ती मेली हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दंतवैद्यानं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळंच परकं वाटत होतं. मी डॅरिलला आणखी कॉफी दिली.

"अजून गावात कोणाला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "वेंडेललाही तोंड बंद ठेवायला सांगितलंय. तिची बहीण आहे ना वृद्धाश्रमात, तिला आज दुपारी पाद्रीबाबा जाऊन सांगणार आहेत. तोवर तूही गप्प."

मी मान हलवली. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. कट्ट्यावर कोणीतरी काही लिहिलं होतं. मी बघितलं आणि फोन तसाच डॅरिलपुढे सरकवला.

आयलीचा हसरा फोटो. शेजारी एकच शब्द. हुओमेन्ता.

खाली तिघांनी लाल बदाम टाकले होते.

२

"ब्रेंट," डॅरिल म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

ब्रेंट आयलीचा पुतण्या, मिलवॉकीला असतो. तिला टॅब त्यानंच घेऊन दिला, खातं त्यानंच उघडलं, पासवर्ड त्यालाच माहीत. त्यातून मार्च महिन्यात त्यानं एका दलालाला आयलीचं तळ्याकाठचं घर दाखवायची बोलणी केली होती, "काकूची हरकत नाही" असं सांगून. काकू तेव्हा पलंगाशेजारी थंडगार पडलेली.

"मेलीय हे लपवलं एवढं तर नक्की," डॅरिल म्हणाला. "मारली पण असेल. सोमवारी मी सरकारी वकिलाकडे जातोय."

"तिच्या खात्यात कोण शिरत होतं ते कंपनीला विचार ना."

"विचारलंय. उत्तर आलं तर पुढच्या वर्षी येईल. तू कट्टा सांभाळतेस, तुला काही दिसतं का बघ. आणि तुझं ते विम्याचं नाक जरा खुपस."

बातमी कळताच मिलवॉकीहून आलेला ब्रेंट गावातल्या एकुलत्या एका खाणावळीत बसला होता. समोर मांसाची करंजी गार होत होती. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा चेहरा.

"ईस्टरला येऊन भेटून गेलो, असं तू डॅरिलला सांगितलंस," मी म्हणाले.

"हो."

"ब्रेंट, ईस्टरला ती घरात मरून पडलेली होती."

तो खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "नाही आलो. नाताळानंतर एकदाही आलो नाही. लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

"फोन?"

"काकूला फोन आवडायचा नाही. आणि इर्माताई, गरज काय होती? सकाळी उठलं की तिचं हुओमेन्ता. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला शुभेच्छा. माझ्या बायकोच्या वाढदिवसाला शुभेच्छा. आम्ही म्हणायचो, काकू बघा, ठणठणीत! घराचं गेल्या नाताळातच ती म्हणाली होती, जिना झेपत नाही, बघ कोणी गिऱ्हाईक मिळतं का. म्हणून बोललो दलालाशी."

"पासवर्ड तुझ्याकडेच होता."

"होता. मी कशाला तिच्या नावानं सगळ्या गावाला सुप्रभात घालत बसू? मला तिथली निम्मी माणसं ठाऊकही नाहीत." मग तो एकदम चिडला. "आणि मलाच काय विचारता? तुम्ही तर कट्टा सांभाळता. तुम्ही तिच्या घरापासून गाडीनं किती लांब? तुम्हीसुद्धा रोज बदामच टाकत होतात ना?"

बदाम मी रोज टाकत होते, हे खरं होतं. पण तो एक गोष्ट बोलून गेला होता, ती माझ्या डोक्यात बसली. निम्मी माणसं मला ठाऊकही नाहीत, म्हणाला. जो कोणी हे लिहीत होता, त्याला तर गाव ठाऊक होतं.

३

आयलीचा शेजारी रेइनो. सत्तरी उलटलेला, विधुर, तोंडानं फटकळ. थंडीत तिच्या दारातलं बर्फ तोच ट्रॅक्टरनं बाजूला करायचा. मी गेले तेव्हा तो लाकडं फोडत होता.

"ये. तुझीच वाट बघत होतो, चौकशीबाई," तो म्हणाला. "मला विचारणार ना, की गाढवा, तू रोज तिच्या दारात होतास, तुला कळलं कसं नाही?"

"विचारणारच आहे."

"कळलं होतं." त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "शनिवारी आमच्याकडे वाफेच्या अंघोळीसाठी सगळ्यांच्या सौना तापतात. तिची पण. तिच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला की मी माझी पेटवायचो, इतकं ते पक्कं. फेब्रुवारीत एका शनिवारी धूर नाही. पुढच्या शनिवारीही नाही. दारातल्या बर्फावर पावलं नाहीत. म्हटलं, जाऊन बघावं."

"मग?"

"मग घरात आलो, बूट घालायला. तर टॅबवर तिचं आलेलं. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, रेइनो.' माझा वाढदिवस होता गं त्या दिवशी. मलाच लक्षात नव्हता. म्हटलं, हिला माझा वाढदिवस लक्षात आहे, म्हणजे ही धडधाकट आहे. बूट परत काढून ठेवले."

त्याला रडू येत होतं आणि मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी उगाच लाकडं रचू लागले.

"तिच्या लिहिण्यात काही वेगळं वाटलं का रे?"

"वेगळं काय? शब्द तो एकच. पूर्वी उजाडायच्या आत यायचा, या थंडीत उशिरा यायला लागला, न्याहारीच्या सुमाराला. म्हटलं, म्हातारी झाली, झोपू दे. आणि हां, मेच्या सुरुवातीला तिनं एक गंमत केली. स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःलाच शुभेच्छा दिल्या! 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, धाकटे.' आम्ही सगळे खो खो हसलो. मीही हसरा चेहरा टाकला."

मला ते आठवलं. मीही टाकला होता.

"धाकटे कोण म्हणतं रे तिला?"

"मला काय माहीत? तिच्या आईवडलांनी म्हटलं असेल. ते तर कधीच गेले." तो माझ्याकडे बघत राहिला. "इर्मा, तुझा चेहरा असा का झाला?"

कारण आईवडील गेले तरी तिला धाकटी म्हणणारं एक माणूस अजून जिवंत होतं.

४

इम्पी, आयलीची थोरली बहीण. वृद्धाश्रमातल्या कोपऱ्यातल्या खोलीत, मांडीवर टॅब आणि त्यावर दोन्ही हात. बोटं संधिवातानं वाकडी, कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, डोळे अधू. पाद्रीबाबांनी तिला सांगून तीन-चार दिवस झाले होते. त्या दुपारनंतर कट्ट्यावर आयलीचं हुओमेन्ता आलेलं नव्हतं. "बघ, बातमी फुटली आणि चोर घाबरला," असं डॅरिल म्हणत होता.

मी तिच्या कानाशी वाकून ओरडले, "इम्पीमावशी, मी इर्मा!"

"ओरडू नकोस, कळतंय," ती म्हणाली. "बस. मला एकच सांग. तुम्ही लोक म्हणता, ती फेब्रुवारीतच गेली."

"हो."

"मग मला रोज उत्तर कोण देत होतं?"

आवाज अगदी सपाट. तिनं माझं मनगट धरलं. वाकड्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"ब्रेंटनं काय केलं, घर कोणाला जाणार, मला काही नको ते. मी रोज सकाळी हुओमेन्ता म्हणायचे आणि ती हुओमेन्ता म्हणायची. लहानपणी भिंतीपलीकडून म्हणायचो ना, तसं. फोन मला ऐकू येत नाही. थंडीत ती क्वचितच गाडी काढायची, आणि मग इथं सगळ्यांना ताप आला म्हणून भेटायला येणं बंद केलं यांनी. माझ्याकडे तेवढंच होतं. कोणाशी बोलत होते मी? त्याचं नाव मला हवंय. मरायच्या आधी हवंय."

"शोधते," मी म्हणाले. "उत्तर लगेच यायचं का गं?"

"पूर्वी तासतास लावायची. मेली घरकामात रमायची. या थंडीत मात्र मी पाठवलं रे पाठवलं की समोर तिचं हुओमेन्ता हजर. तिचा चेहरा आणि शब्द. म्हटलं, वाट बघत बसत असेल माझी. माझ्या वाढदिवसाला मात्र विसरली. एप्रिलमध्ये. सगळ्या गावाला शुभेच्छा दिल्या, पार त्या पोस्टातल्या नव्या बाईला दिल्या, आणि मला नाही. दिवसभर बघत बसले. तेव्हाच समजायला हवं होतं मला."

मी तिच्या मांडीवरच्या टॅबकडे बघितलं. एका कोपऱ्यातून काच तडकलेली.

"हा कधी घेतलास?"

"हा तिचाच जुना. ब्रेंटनं तिला नाताळात नवा दिला, माझा पडून फुटला होता, तर शेवटची आली तेव्हा हा ठेवून गेली. जानेवारी सरताना." तिनं बोटानं काचेचा एक कोपरा चाचपला. "बघ, वरती स्वतःचा फोटोपण लावून दिलाय. मला सारखी दिसत राहावी म्हणून."

मी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. मग उठून खिडकीशी गेले. विम्यात असताना सगळा मामला उलगडला की मला भूक लागायची. त्या दिवशी लागली नाही.

५

"ब्रेंटला सोडून दे," मी डॅरिलला म्हणाले.

चौकीत आम्ही तिघं होतो. डॅरिलनं चौकशीला आणून बसवलेला ब्रेंट भिंतीकडे तोंड करून होता. डॅरिलनं पाय टेबलावरून खाली घेतले.

"नाव सांग मग."

"आधी माझं ऐक. लिहिणाऱ्याला गाव ठाऊक होतं, रेइनोपासून पोस्टातल्या बाईपर्यंत. ब्रेंटला ठाऊक नाही. लिहिणारा आयलीला धाकटी म्हणत होता. आयलीच्या खात्यातून गावात सगळ्यांना शुभेच्छा गेल्या, फक्त एका माणसाला गेल्या नाहीत. सख्ख्या बहिणीला."

"म्हणजे त्याला बहिणीचा वाढदिवस माहीत नव्हता."

"पोस्टातल्या बाईचा माहीत, आणि बहिणीचा नाही? कट्ट्यावर ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव सकाळी आपोआप वर येतं, डॅरिल. आंधळ्यालाही दिसतं. एवढ्या गावात आपण एकाच माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नाही. कोणाला?"

उत्तर ब्रेंटनं दिलं, भिंतीकडेच बघत.

"स्वतःला."

"आणि आयलीनं स्वतःला दिल्या," मी म्हणाले, "कारण त्या आयलीनं दिल्याच नव्हत्या. थोरलीनं धाकटीला दिल्या होत्या."

ब्रेंट गर्रकन वळला. "इम्पीकाकू? इम्पीकाकूकडे पासवर्ड कुठला आलाय!"

"लागलाच नाही. आयलीनं तिला आपला जुना टॅब दिला. इथल्या म्हाताऱ्या टॅब कसा बंद करतात? वरचं झाकण मिटतात, झालं. खात्यातून बाहेर पडायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? तुझ्या काकूनं झाकण मिटून तो बहिणीला दिला, आणि इम्पीनं उघडला तेव्हा आत आयलीचंच खातं चालू होतं. वरती आयलीचा फोटो. इम्पीला वाटलं, बहिणीनं आठवण म्हणून लावून दिलाय."

"पण तिला उत्तर यायचं, असं तूच म्हणालीस," डॅरिल म्हणाला.

"तिनं हुओमेन्ता लिहायचं. त्यावर आयलीचा चेहरा लागून ते समोर यायचं. दोघींची रीतच ती, एकीनं म्हटलेलं दुसरीनं तसंच म्हणायचं. तिला कसं कळावं की हा आपलाच शब्द आहे? पूर्वी तास लागायचे, आता लगेच यायचं. तिला वाटायचं, धाकटी वाट बघत बसलीय. न्याहारीच्या वेळी यायचं, कारण आश्रमात न्याहारी झाली की टॅब हातात देतात. आणि पाद्रीबाबांनी सांगितलं त्या दुपारपासून बंद झालं. चोर घाबरला म्हणून नाही. मेलेल्या बहिणीला सुप्रभात कोण म्हणेल?"

मग डॅरिलनं समोरचे कागद उचलून खणात टाकले.

"म्हणजे कोणी काही लपवलंच नाही."

"नाही. आयली मेल्यावर आयलीच्या नावानं तिची बहीण तिलाच हाका मारत होती, आणि त्या हाका ऐकून गावाला वाटत होतं, आयली बरी आहे."

ब्रेंटनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुटका झाल्याचा आनंद त्याच्या अंगात कुठंच दिसेना.

"हे सगळं लिहून वकिलाला द्यावं लागणार," डॅरिल म्हणाला. "म्हणजे गावभर होणार. पण इम्पीला कोण सांगणार? पाद्रीबाबांना पाठवू? की सांगूच नये, इर्मा? कोणीतरी वात्रट पोरटं होतं म्हणू. सापडलं नाही म्हणू."

"तिनं मला नाव विचारलंय," मी म्हणाले.

६

मी नाव सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, कारण तिला ऐकू येत नाही. असली गोष्ट ओरडून सांगणं हा एक शापच. बाहेर व्हरांड्यात झाडू मारणारी बाई थांबून आत बघू लागली, तेव्हा मी दार लावून घेतलं. मग टॅब हातात घेतला आणि आयलीच्या खात्यातून बाहेर कसं पडायचं ते तिला करून दाखवलं. वरचा फोटो गेला. त्या जागी राखाडी, बिनचेहऱ्याचं चित्र आलं.

इम्पी काचेकडे बघत होती. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला हाकलून देईल. तिनं काहीच केलं नाही. मला ते फार ओळखीचं वाटलं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"ती पलंगाशेजारी पडलेली, आणि मी सगळ्यांना सांगतेय, बरी आहे, बरी आहे."

"तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं. आणि गाव उत्तर द्यायचं. रोज. बदाम, फुलं, हसरे चेहरे. मला वाटायचं, किती जीव आहे लोकांचा आयलीवर." तिनं टॅब बाजूला ठेवला. मग ती आपली बोटं मोजत असल्यासारखी एकेक चोळत बसली. खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी आली आणि गेली.

"इर्मा, तो कट्टा तू सांभाळतेस ना? तुला सगळं दिसतं?"

"दिसतं."

"मग आयलीच्या नावानं मी लिहीत होते, तर माझ्या नावानं थंडीभर काहीच गेलं नसणार."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळे पुरावे मी तपासले होते, एवढाच नव्हता तपासला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"नाही गेलं," मी म्हणाले.

"त्याआधी मी रोज लिहायचे. कितीतरी वर्षं." तिनं मान वर केली. "कोणी विचारलं का गं, इम्पी कुठाय म्हणून?"

या वेळी मी ओरडले नाही. नुसती 'नाही' अशी मान हलवली, आणि तेवढ्यानं तिला कळलं.